रविवारची पंगत

ख्रिस्ती माणसाने दिवाळी अंकात लिहावे काय, हा प्रश्न मला दोन बाजूंनी विचारला जातो. पहिली बाजू म्हणते, "मास्तर, तुमचा सण नाताळ. दिवाळीत तुमचे काय काम?" दुसरी बाजू आमच्याच मंडळीची. ती म्हणते, "लक्ष्मीपूजनाच्या अंकात तुमचे नाव छापून येते, हे विश्वासणाऱ्याला शोभते काय?" या दोन बाजूंचे एरवी कशावरही जमत नाही, मी गप्प बसावे, एवढ्या एका मुद्द्यावर मात्र त्यांचे एकमत आहे. नेहमी भांडणारे दोघे ज्या गोष्टीवर एकदम सहमत होतात, ती गोष्ट अवश्य तपासून पाहावी. म्हणून हा लेख.

मी पंडित नाही. इंदापूर तालुक्यातील बावड्यात राहणारा, मॅट्रिकपर्यंत शिकलेला, पोरांना शिकवून उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा माणूस आहे. धर्मशास्त्राचा वाद घालण्याची माझी पात्रता नाही आणि हौसही नाही. परंतु आपल्या गावात ख्रिस्ती म्हणून कसे जगावे, हा प्रश्न पदवीधरांनीच सोडवावा असा काही नियम नाही. माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. जातीपातीने फाटलेल्या या समाजात ख्रिस्ती सेवेची कसोटी एकच, आणि ती म्हणजे पंगत. तुम्ही कोणाबरोबर जेवता, कोणाच्या घरी सोयरीक करता, आणि गावाने ज्याला वाळीत टाकले त्याच्या दारात कधी उभे राहता? या तीन प्रश्नांची उत्तरे आधी द्या. मग तुमच्या देवळाची उंची आणि बाप्तिस्म्यांचा आकडा मी आदराने ऐकून घेईन.

आधी बाहेरच्या बाजूचा समाचार घेतो, कारण तो सोपा आहे.

आम्हांला परके म्हणतात. यावर आमच्या वक्त्यांनी एक यादी पाठ करून ठेवली आहे. फादर स्टीफन्स हा जन्माने इंग्रज, १५७९ साली गोव्यात आला, आणि त्याने मराठी ओवीत 'ख्रिस्तपुराण' रचले; ते १६१६ साली रायतूरला छापले गेले. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ ची. विधवांचे दुःख सांगणाऱ्या या पुस्तकाला मराठीतील पहिली कादंबरी मानतात. आज मी जो कादंबरीचा धंदा करतो, त्याची पहिली पाटी एका ख्रिस्ती माणसाने लावली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कविता शाळेत शिकलेली माणसे घरोघर आहेत. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन तर आमच्याच पुणे जिल्ह्यात, केडगावला. आणि २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, फादर फ्रान्सिस दिब्रिटो ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. वसईच्या हिरवाईसाठी लढलेला आणि सगळे बायबल सुबोध मराठीत आणणारा हा माणूस. तरीही धर्मगुरू या पदावर कसा, म्हणून काहींनी ओरड केली. २०२४ साली ते गेले, तेव्हा महाराष्ट्र हळहळला.

यादी खरी आहे, आणि तरीही ती वाचून दाखविण्याचा मला कंटाळा आला आहे. घरच्या माणसाला घरात शिरताना रेशनकार्ड दाखवावे लागत नाही. मी मराठी आहे, कारण माझी आई मला मराठीत रागावली. याहून मोठा पुरावा माझ्या शेजाऱ्यापाशी तरी कोणता आहे? आमच्या इतिहासात लाज वाटण्याजोगे काही नाही, असेही मी म्हणत नाही. पोर्तुगीज अमलात गोव्यातील देवळे पाडली गेली. १५६० पासून तेथे इन्क्विझिशन नावाचे धर्मन्यायालय बसले आणि मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत चालले. धर्माने सत्तेच्या हातात हात घातला की असेच होते. मग तो धर्म कोणताही असो आणि सत्ता कोणाचीही असो. गोव्यातल्या त्या जुलमाची बाजू मी घेणार नाही. पण त्याचा जाब नीरेकाठच्या शेतमजुराला विचारू नका. त्याच्या आज्याने पोर्तुगीज कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता.

दुसरा टोमणा याहून जुना: "पोटासाठी बाटले." १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनचा हा कोरडा पट्टा होरपळून निघाला. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या भागात त्यानंतर ख्रिस्ती होणारांची संख्या वाढली, हे खरे आहे. उपाशी माणसाला कोणी भाकर दिली आणि त्याने देणाऱ्याच्या देवाचे नाव विचारले, यात लाजेची गोष्ट असलीच तर ती कोणाची? घेणाऱ्याची, की त्याच गावात पेवे भरलेली असूनही ज्यांनी झाकण उघडले नाही त्यांची? भाकरीबरोबर त्याला आणखी एक गोष्ट मिळाली, ती टोमणा मारणारे सोयिस्करपणे विसरतात. त्याला कोणीतरी ओट्यावर बसवून घेतले. भूक एका दिवसाची असते. उंबऱ्याबाहेर उभे राहणे पिढ्यान्‌पिढ्यांचे होते.

आता खरे भांडण. ते घरातले आहे.

आमच्या बावड्याच्या नावाशी एक आठवण कायमची जोडली गेली आहे. १९७२ साली या गावात दलितांवर सामाजिक बहिष्कार टाकला गेला. ते प्रकरण महाराष्ट्रभर गाजले. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली, आणि तिच्या जन्माची हकीकत सांगणारे परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगावाबरोबर बावड्याचेही नाव घेतात. माझा तेव्हा जन्म झाला नव्हता. पण बहिष्कार म्हणजे काय, हे खेड्यात राहणाऱ्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. दुकानदार मीठ देत नाही, गिरणीवाला दळण घेत नाही, शेतावर कामाला बोलावणे येत नाही, रस्त्यात कोणी रामराम घेत नाही. काठी उचलावी लागत नाही की रक्त सांडत नाही. नुसते सर्वांनी मिळून गप्प बसायचे असते. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. एखाद्या गोष्टीविरुद्ध कायदा करावा लागतो, याचाच अर्थ ती गोष्ट अजून जिवंत आहे.

अशा गावात ख्रिस्ताचे नाव सांगणाऱ्याचे काम काय? माझ्या मते त्याचे काम त्या दिवशी सकाळी मिठाची पुडी घेऊन वाळीत टाकलेल्याच्या दारात जाणे हे आहे. प्रवचन नंतर, आणि नाही झाले तरी चालेल. मी हे माझ्या मनचे सांगत नाही. योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढून पाहा. येशू विहिरीवर बसला आहे, आणि ज्या शोमरोनी लोकांशी यहुदी व्यवहार ठेवीत नसत, त्यांच्यातल्या एका बाईजवळ पिण्याला पाणी मागतो आहे. पाणी देणे सोपे असते, त्यात देणाऱ्याचा मोठेपणा राहतो. ज्याचा विटाळ मानला जातो त्याच्या हातचे पाणी मागणे कठीण. आमच्या भागात विहिरींचा इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्याला या अध्यायावर वेगळे प्रवचन नको.

आता आमच्या मंडळीकडे या. रविवारी प्रभुभोजन होते. एक भाकर मोडतात, एकाच प्याल्याची आठवण करतात, सर्वजण एका देहाचे अवयव आहेत असे पाळक सांगतात आणि आम्ही 'आमेन' म्हणतो. ही रविवारची पंगत. मग सोमवारी मुलीच्या स्थळाची बोलणी निघतात आणि पहिला प्रश्न येतो, "मूळचे कोण?" हे 'मूळचे' म्हणजे काय, ते मराठी वाचकाला फोडून सांगायला नको. आजोबा कोणत्या वाड्यातून ख्रिस्ती झाले, महारवाड्यातून की मांगवाड्यातून, यावर नातवंडांचे लग्न अडते. बाप्तिस्म्याच्या पाण्याने पापे धुतली जातात, यावर आमचा पूर्ण विश्वास आहे. जात मात्र त्या पाण्याला दाद देत नाही, अशीही आमची खात्री दिसते.

हे केवळ आमच्या तालुक्याचे नाही. गोव्यात चारचारशे वर्षे ख्रिस्ती असलेली घराणी अजून बामण, चाड्डो, सुदिर अशी ओळखली जातात. तमिळनाडूत काही दफनभूमींत दलितांच्या थडग्यांची जागा वेगळी ठेवलेली आहे. २०१६ साली भारतातल्या कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेने दलितांविषयीचे आपले धोरण जाहीर केले, तेव्हा चर्चमध्ये जातिभेद आहे हे स्वतःच मान्य केले. आणि देशातल्या सुमारे १ कोटी ९० लाख कॅथॉलिकांपैकी सुमारे १ कोटी २० लाख दलित असल्याचेही सांगितले. म्हणजे ज्यांच्यावर अन्याय होतो तेच घरात बहुसंख्य आहेत, आणि तरी ओसरीवर बसले आहेत! डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ख्रिस्ती समाजाविषयी लिहिताना याच जागेवर बोट ठेवले होते. धर्म बदलला, पण जात मोडली काय? आमच्यातल्या किती पाळकांनी त्या प्रश्नाला व्यासपीठावरून उत्तर दिले आहे?

पंगतीचा हा वाद नवा नाही. पवित्र शास्त्रातच तो आहे. अंत्युखियात पेत्र परजातीयांबरोबर जेवत असे. पण यरुशलेमेकडून काही सोवळी मंडळी आली तेव्हा तो भिऊन पंगतीतून उठला. पौलाने चारचौघांत त्याला तोंडावर विचारले. गलतीकरांच्या पत्राचा दुसरा अध्याय हीच हकीकत सांगतो. लक्षात घ्या, ख्रिस्ती मंडळी अजून रांगत होती आणि तिच्या दोन थोर पुढाऱ्यांचे भांडण लागले ते ताटावरून. पौल म्हणाला असता, "जेवणाचे काय एवढे, मने एक असली म्हणजे झाले," तर आज आमचे अनेक वडीलधारे त्याला सुज्ञ म्हणाले असते. पण पौलाला ठाऊक होते की मने एक आहेत की नाहीत, हे कळायला जेवणाखेरीज दुसरे साधन नाही.

मराठीत याचा धडा लक्ष्मीबाई टिळकांनी घालून दिला आहे. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. मधल्या काळात नवऱ्याकडे परत आल्यावरही त्यांचे सोवळे, त्यांचे निराळे पाणी चालूच होते. 'स्मृतिचित्रे' वाचणाराला आठवत असेल, ते सोवळे कोणाच्या प्रवचनाने सुटले नाही. जात ही माणसाने केलेली आहे, देवाने नाही, हे त्यांना विचार करता करता स्वतःलाच पटले, आणि पटल्यावर त्यांनी ते आचरणात आणले. आधी सोवळे सुटले, मग बाप्तिस्मा झाला. आमच्यात पुष्कळांचा क्रम उलटा आहे. बाप्तिस्मा आजोबांचाच होऊन गेला; सोवळे नातवाचे अजून सुटायचे आहे.

यावर आमचे लोक सरकारकडे बोट दाखवितात, आणि तेही अगदी खोटे नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने हा दर्जा धर्मापासून सोडवावा अशी शिफारस केली. २०२२ साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा एक आयोग नेमला गेला. आयोगामागून आयोग येतात. शाळेत मात्र जनरल रजिस्टरातला रकाना दर जूनमध्ये भरावा लागतो.

हा रकाना मी पाहिलेला आहे. बाप मुलाचे नाव घालायला येतो. रविवारी तो उपासनेला असतो, गळा मोकळा करून गातो. शाळेत मात्र खाली मान घालून म्हणतो, "मास्तर, धर्म हिंदूच लावा. पोराचं नुकसान नको." त्याच्या हातात भावकीतल्या कोणाचा तरी जुना दाखला असतो. त्या बापाला काय म्हणावे? गावातले म्हणतात लबाड, मंडळीतले म्हणतात अल्पविश्वासी. मला यातले एकही म्हणवत नाही. त्याचे शेत नाही, त्याच्या आडनावावरून गाव त्याला अजूनही ओळखते, त्याच्यावर हात उचलला गेला तर अनुसूचित जातीच्या माणसाला मिळणारे कायद्याचे संरक्षण, ख्रिस्ती म्हणून नोंद झाल्यावर त्याला मिळत नाही. कायदा म्हणतो, तू ख्रिस्ती झालास, आता तुझी जात गेली. गाव म्हणते, तू कोणीही हो, तुझी जात जात नाही. आणि मंडळी? मंडळी रविवारी कायद्याच्या बाजूने बोलते आणि सोमवारी गावाच्या बाजूने वागते. तीन पाट्यांत सापडलेल्या दाण्याला 'तू सरळ का उभा राहत नाहीस' असे विचारणे हा निर्दयपणा आहे.

हा अन्याय दूर व्हावा, असे मला वाटतेच. पण सरकारकडे मागताना आम्ही म्हणतो, "ख्रिस्ती झाल्यावरही जात सुटत नाही", आणि शेजाऱ्याला उपदेश करताना म्हणतो, "ख्रिस्ती झाल्यावर जात राहत नाही." दिल्लीला एक आणि बावड्याला एक, अशी दोन तोंडे ठेवून चालणार नाही. यावर मार्ग एकच: जात राहते हे कबूल करायचे आणि ती आपल्या घरापासून मोडायला लागायचे.

शेवटी सेवेच्या नावाखाली जे चालते त्याविषयी दोन शब्द. अलीकडे काही उपदेशक गाडीवर कर्णे लावून येतात. शेजाऱ्यांचे देव म्हणजे सैतान, त्यांचा प्रसाद म्हणजे विष, आणि आपल्या प्रार्थनेने दमा, मधुमेह, कर्ज व कोर्टकचेरी सर्व एका रात्रीत बरे, अशी त्यांची शिकवण. मग वहीत आकडे लिहून ते पुढच्या गावी जातात. मागे राहतो तो आम्ही. दळण आणायला त्याच गिरणीवर जाणारे. माणूस आपल्या बुद्धीने देव निवडतो, हा त्याचा हक्क आहे आणि राज्यघटनेने तो मानला आहे. त्या हक्कासाठी मी भांडेन. पण शेजाऱ्याच्या देव्हाऱ्यावर थुंकणे ही सुवार्ता नव्हे, आणि आजाऱ्याला औषधापासून तोडणे ही सेवा नव्हे.

आमच्या थोरांनी असे केले नाही. टिळकांचा जीव तुकोबांवर होता. त्यांनी अभंग रचले, कीर्तने केली. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' काढला, तो बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही खुला होता. रमाबाई १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या. पण तेथल्या धर्माधिकाऱ्यांनी सांगावे आणि आपण मान डोलवावी, हे त्यांनी चालू दिले नाही. दुष्काळातून उचलून आणलेल्या पोरींना त्यांनी केडगावला पोटाशी धरले, हातांना काम दिले, आणि खेड्यातल्या बाईला समजेल अशा सोप्या मराठीत मूळ भाषांवरून सगळे बायबल उतरविले. १९२२ साली त्या गेल्या, १९२४ साली ते प्रसिद्ध झाले. दोघांनीही हिंदूंचे बोल ऐकले आणि ख्रिस्त्यांचेही. माझ्या मते खऱ्या सेवकाची हीच खूण आहे. ज्याच्यावर एकाच बाजूने दगड येतात, तो बहुधा दुसऱ्या बाजूच्या भिंतीला टेकून उभा असतो.

आषाढीला तुकोबांची पालखी इंदापूरहून निघून आमच्या बावड्यावरून सराटीला जाते आणि तेथून नीरा ओलांडून अकलूजला. त्या दिवशी गावात कोणी कोणाला 'मूळचे कोण' विचारीत नाही. पाणी, चहा, भाकरी जो तो देतो. आमच्या घरातूनही माठ भरून ठेवतात. एका उत्साही बंधूंनी मला सुचविले, "पाण्याबरोबर एकेक पत्रकही द्या." मी नाही म्हणालो. तहानलेल्याला पाणी द्यावे. पाण्याला शेपूट लावू नये. त्याने आपणहून विचारले, तर मी कोण आणि का, ते मी रात्रभर बसून सांगेन. मला माझ्या प्रभूची लाज वाटत नाही. मला घाईची लाज वाटते.

आणि आता, वाचक हो, तुम्हांलाही सोडीत नाही. दिवाळीत आमच्या घरी शेजाऱ्यांची फराळाची ताटे येतात. चकली, करंजी, अनारसे, सगळे आम्ही आवडीने खातो. आलेले ताट रिकामे परत पाठवू नये, ही आपली जुनी रीत. म्हणून नाताळात तीच ताटे आमच्याकडून जातात, त्याच करंज्या, तेच लाडू. काही घरी ती आनंदाने खाल्ली जातात. काही घरी दारातच "ठेवा तिथे" म्हणतात, आणि मग आमच्या करंज्या गोठ्यात गेल्याचे दुसऱ्या दिवशी पोरे सांगतात. आकाशकंदील आणि नाताळचा तारा यांना कामट्या एकाच बांबूच्या लागतात. उजेडात फरक कोण करतो, ते ज्याने त्याने आपल्या उंबऱ्यावर उभे राहून पाहावे.

मंडळीतल्या माझ्या बंधुभगिनींना मात्र याहून कडक मागणे आहे. येत्या नाताळात तारा उंच लावण्याआधी तीन गोष्टी करा. मुलामुलींच्या स्थळांत 'मूळचे कोण' हा प्रश्न बंद करा. दफनभूमीत आणि लग्नाच्या मांडवात जागा वाटताना आडनाव पाहू नका. आणि गावात कोणावर, कोणत्याही धर्माच्या माणसावर, बहिष्कार पडला तर पाळकापासून पोरापर्यंत सर्वांनी त्याच्या घरी जाऊन जेवा. नुसते वाढून येऊ नका, जेवा. हे जमले तर तुम्हांला कर्णे लागणार नाहीत. हे जमत नसेल, तर रविवारी भाकर मोडताना क्षणभर थांबा, कारण ज्याच्या नावाने ती मोडता तो त्या वेळी कोणाच्या पंगतीला बसला आहे, हे तुम्हांला पक्के ठाऊक आहे.